तूर्मालेचा जमाखर्च

फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर पिरेनीज पर्वताची रांग आहे. तिच्या फ्रेंच अंगाला तूर्माले नावाची खिंड आहे, उंची २११५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर उंच. म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक गाठून वर आणखी ४६९ मीटर चढलात, तर तूर्मालेच्या डांबरी रस्त्याच्या पातळीला पोचाल. हा रस्ता आहे, शिखर नव्हे. त्यावरून मोटारी जातात, दूधदुभत्याच्या गाड्या जातात, आणि १९१० पासून ‘टूर द फ्रान्स’चे सायकलस्वार जातात.

उंचीच्या हिशेबात तूर्माले युरोपात पहिल्या नंबरावर अजिबात नाही. आल्प्समधला गालिबिए २६४२ मीटरवर आहे, इटलीतला स्टेल्व्हिओ २७५८ मीटरवर. तरीही टूरने उंच पर्वतांतली कोणती खिंड सर्वांत जास्त वेळा ओलांडली असेल, तर ती हीच. ऐंशीहून अधिक वेळा.

हा आकडा वाचून पुढे जाऊ नका, जरा गुणाकार करू. पूर्वेकडून, सांत-मारी-द-काँपाँ या गावातून चढायला लागलं की माथ्यापर्यंत १७.२ किलोमीटर रस्ता आणि १२६८ मीटर चढ. पश्चिमेच्या ल्यूझ गावातून चढलं तर १९ किलोमीटर आणि १४०४ मीटर. आपण कमी चढाची बाजू धरू आणि फेऱ्याही ऐंशीच धरू. ऐंशी गुणिले १२६८ म्हणजे एक लाख एक हजार मीटर. टूरच्या आघाडीच्या सायकलस्वाराने या एकाच खिंडीपायी आजवर चढलेली उंची १०१ किलोमीटर भरते. अंतराळ सुरू होतं ती रेषा सर्वसाधारणपणे १०० किलोमीटरवर मानतात. आणि चढणारा एकटा नसतो. प्रत्येक वेळी सरासरी शंभर स्वार धरले, तर सगळ्यांची मिळून चढाई दहा हजार किलोमीटरवर जाते. पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटर आहे. हे सगळं पायांनी, साखळीवर जोर देऊन.

पण मला या खिंडीबद्दल खरी भुरळ घालणारा आकडा यातला एकही नाही. तो आहे ३२६.

२१ जुलै १९१०, पहाटे साडेतीन. ल्युशाँ गावातून टूरचा दहावा टप्पा सुटला, तो अटलांटिकच्या किनाऱ्याजवळच्या बायोनला संपायचा होता. अंतर ३२६ किलोमीटर. मधे पेरसूर्द (१५६९ मीटर), आस्पाँ (१४८९), तूर्माले (२११५) आणि ओबिस्क (१७०९) असे चार घाट ओळीने. एकाचा उतार संपतो न संपतो तोच दुसऱ्याची चढण. चारही चढांची बेरीज केली तर सव्वाचार हजार मीटरच्या आसपास जाते. रस्ते मातीचे आणि खडीचे. सायकल पोलादी, आजच्या सायकलीच्या दुपटीहून जड. गिअर एक. वाटेत काही मोडलं तर ज्याचं त्याने दुरुस्त करायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही.

आजच्या टूरशी ताडून पाहा. २०२३ साली पुरुषांच्या शर्यतीत तूर्माले ज्या टप्प्यात होता त्याची लांबी होती १४५ किलोमीटर, आणि तादेय पोगाचारने तो चार तासांच्या आत संपवला. १९१० चा विजेता ऑक्ताव लापीझ बायोनला पोचला तेव्हा त्याला सायकलवर बसून १४ तास १० मिनिटं झाली होती. ताशी सरासरी २३ किलोमीटर. मला हा २३ चा आकडा १४ तासांपेक्षाही अचाट वाटतो. चार घाट, खडीचा रस्ता, एक गिअर, त्यात ठिकठिकाणी उतरून सायकल ढकलणं, आणि हे सगळं धरून २३! आपल्याकडे सपाट हमरस्त्यावर सकाळी हौसेने सायकल चालवणारे कितीतरी जण गिअरची सायकल घेऊन याच वेगाने जातात, आणि तेही तासा-दोन तासांसाठी.

एका गिअरने घाट चढायचा म्हणजे काय, हेही आकड्यांत मांडता येतं. समजा, पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेचार मीटर पुढे जाते, आणि स्वार व सायकल मिळून वजन ८५ किलो. तूर्मालेचा सरासरी चढ ७.३ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सात मीटरांहून जास्त वर. या हिशेबाने पॅडलवर सतत, अख्ख्या फेऱ्यात सरासरी २६ किलोचा जोर लागतो. पाय वर-खाली असताना जोर लागतच नाही, त्यामुळे पाय आडवा असतो त्या क्षणी तो यापेक्षा कितीतरी जास्त द्यावा लागतो; जवळजवळ उभं राहून अंगाचं वजनच पॅडलवर टाकावं लागतं. असे फेरे ३८०० हून अधिक. तेही फक्त तूर्मालेचे, बाकीचे तीन घाट वेगळे. ताशी दहा किलोमीटरने चढलं तर मिनिटाला ३७ फेरे पडतात. गुडघे किती कुरकुरत असतील ते सांगायला नको.

आता आजची सायकल घ्या. पुढे ३४ दात, मागे ३४ दात. एका फेऱ्यात चाक जेमतेम २.१ मीटर सरकतं. स्वार आणि सायकल मिळून ७२ किलो धरले तर पॅडलवरचा सरासरी जोर दहा किलोंवर येतो. फेरे मात्र आठ हजारांवर जातात. काम जवळपास तेवढंच, हप्ते छोटे आणि जास्त. गिअर म्हणजे एवढंच, आणि एवढ्यासाठी टूरच्या स्वारांना १९३७ पर्यंत थांबावं लागलं. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणाऱ्या डिरेलरला टूरने त्या वर्षी परवानगी दिली. तोवर घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं, कारण दुसऱ्या बाजूला जरा मोठं चक्र असायचं. माथ्यावर पोचलं की पुन्हा उतरायचं, पुन्हा चाक फिरवायचं.

गिअर तोवर निघालेच नव्हते असं मात्र नाही. १९०२ साली, टूर सुरू व्हायच्याही आधी, फ्रान्सच्या टूरिंग क्लबने सायकलींची चाचणी म्हणून एक शर्यत घेतली होती, तीही याच तूर्मालेवरून. तीत मार्थ हेस नावाच्या बाई गिअरची सायकल घेऊन उतरल्या होत्या, आणि पाय न टेकवता त्यांनी चढण पूर्ण केल्याची नोंद आहे. टूरचे जनक आंरी देग्रांज यांना त्याने काहीच फरक पडला नाही. गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक, अशा अर्थाची टर त्यांनी उडवली होती. १९०२ ते १९३७ म्हणजे पस्तीस वर्षं. एका संपादकाच्या हट्टाने किती गुडघे झिजले याचा आकडा कोणी मांडलेला नाही.

देग्रांज ‘लोतो’ या क्रीडा-दैनिकाचे संपादक होते आणि टूर ही त्या पेपरचा खप वाढवण्यासाठी काढलेली शर्यत होती. पिरेनीजची कल्पना त्यांची नव्हे, त्यांच्या हाताखालच्या आल्फाँस स्टाइनेसची. १९१० च्या शर्यतीआधी स्टाइनेस मोटारीने तूर्माले बघायला गेला. बर्फामुळे मोटार पुढे जाईना, तेव्हा तो पायी निघाला. अंधारात वाट चुकला, बर्फात घसरला, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर पलीकडच्या बारेज गावात कसाबसा पोचला. तिथून त्याने पॅरिसला तार केली, तिचा मतलब असा की तूर्माले पार केला, रस्ता उत्तम आहे, जाण्यायेण्यास काही अडचण नाही. ही हकिगत त्याची स्वतःचीच, तेव्हा तिला थोडा मीठमसाला लागलेला असणार हे गृहीत धरायला हवं. पण अख्ख्या सायकल शर्यतीच्या इतिहासात यापेक्षा जास्त खोटी आणि यापेक्षा जास्त फळलेली तार नसेल.

त्या वर्षी टूरची लांबी ४७३४ किलोमीटर होती आणि टप्पे फक्त पंधरा. म्हणजे एकेका टप्प्याला सरासरी जवळपास ३१६ किलोमीटर. (२०२४ च्या टूरमध्ये ३४९८ किलोमीटर एकवीस टप्प्यांत वाटलेले होते.) ११० जण निघाले, ४१ जण पॅरिसला पोचले. ज्यांना पुढे जाणं अशक्य झालं त्यांना गोळा करत शेवटी चालणारी गाडी टूरमध्ये प्रथम आली ती याच वर्षी. तिला नाव पडलं ‘झाडूगाडी’, आणि आजही ती शेवटच्या स्वाराच्या मागे असते.

तूर्मालेच्या माथ्यावर लापीझ पहिला पोचला, काही अंतर सायकल ढकलत. त्याच्यामागून गुस्ताव गारिगू आला, तो मात्र एकदाही न उतरता, सगळं अंतर पॅडल मारत. त्याबद्दल त्याला शंभर फ्रँकचं बक्षीस मिळालं. पुढे ओबिस्कवर, थकून अर्धमेला झालेला लापीझ शर्यतीच्या अधिकाऱ्यांसमोर आला आणि ‘खुनी आहात तुम्ही’ असं ओरडला, असं सांगतात. टूरच्या दंतकथांमध्ये हे वाक्य आता इतकं रुळलं आहे की ते लोक तूर्मालेलाच चिकटवतात. लापीझचा मोठा पुतळाही तूर्मालेवरच उभा आहे. हिवाळ्याआधी तो खाली आणतात आणि जूनमध्ये सायकलस्वारांच्या लवाजम्यासह पुन्हा वर नेतात.

लापीझने ती टूर जिंकली, तीही चारच गुणांनी. ६३ विरुद्ध ६७. (तेव्हा वेळेऐवजी क्रमांकाचे गुण मोजत आणि ज्याचे कमी तो जिंके.) दुसरा आलेला फ्रांस्वा फाबेर पहिल्या महायुद्धात ९ मे १९१५ ला मारला गेला. लापीझ लढाऊ विमानाचा वैमानिक झाला होता. १४ जुलै १९१७ रोजी, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, त्याचं विमान पाडलं गेलं. वय २९. पहिल्या दोन क्रमांकांपैकी कोणीच चाळिशी पाहिली नाही.

तूर्मालेवरची सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट मात्र चढणीची नाही, उताराची आहे. १९१३. टप्पा पुन्हा ३२६ किलोमीटरचाच, फक्त उलटा, बायोनहून ल्युशाँला. युजेन क्रिस्तोफ तूर्मालेचा पूर्वेचा उतार उतरत असताना सायकलचा पुढचा चिमटा मोडला. आज टीमची गाडी पाठोपाठ येते आणि अर्ध्या मिनिटात नवी सायकल हातात मिळते. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर घेतली आणि दहा किलोमीटरहून अधिक चालत तो सांत-मारी-द-काँपाँला पोचला. तिथे एक लोहाराची भट्टी होती. नियम असा की दुरुस्ती स्वतः करायची, लोहाराने हात लावायचा नाही. क्रिस्तोफने घण उचलला, लोखंड तापवलं, ठोकून चिमटा जोडला. शर्यतीचे अधिकारी दारात उभे राहून बघत होते. दोन हातांनी चिमटा धरायचा की भाता ओढायचा, म्हणून एका लहान मुलाने भाता ओढून दिला. अधिकाऱ्यांनी ते टिपलं आणि परक्याची मदत घेतल्याबद्दल दहा मिनिटांचा दंड ठोकला. पुढे तो कमी केला गेला, पण तोपर्यंत क्रिस्तोफचे जवळपास चार तास गेले होते. मिनिटांच्या दंडाने काय बिघडणार होतं?

ही टूर फिलिप तीसने जिंकली, दुसऱ्या आलेल्या गारिगूच्या पुढे अवघ्या ८ मिनिटं ३७ सेकंदांनी. क्रिस्तोफ सातवा आला. चार तास घालवून सातवा! १९१९ मध्ये टूरची पहिली पिवळी जर्सी (एकूण आघाडीवर असणाऱ्याची) त्यालाच मिळाली, पण त्याही वर्षी शर्यत संपता संपता चिमटा मोडला. १९२२ मध्ये गालिबिएच्या घाटात तिसऱ्यांदा. टूर त्याने कधीच जिंकली नाही. सांत-मारी-द-काँपाँमध्ये त्या भट्टीच्या जागी त्याच्या नावाचा फलक आहे, आणि टूर जिंकणाऱ्या कितीतरी जणांपेक्षा आज तोच जास्त लोकांना माहीत आहे.

तीनशे सव्वीसची परिसीमा १९२६ ला झाली. ती टूर इतिहासातली सर्वांत लांब, ५७४५ किलोमीटर, टप्पे सतरा. पिरेनीजचा टप्पा बायोन ते ल्युशाँ, पुन्हा ३२६, आणि त्यावर मुसळधार पाऊस, थंडी, चिखल. ल्युसियाँ ब्युइसने तो १७ तास १२ मिनिटांत जिंकला. ताशी एकोणीस किलोमीटर. दुसरा स्वार आला तो २५ मिनिटांनी, आणि बाकीचे तर इतके मागे राहिले की त्यांना शोधायला मोटारी धाडाव्या लागल्या. त्या टूरमध्ये १२६ निघाले, शेवटपर्यंत टिकले ४१.

त्यानंतर टप्पे हळूहळू आखूड झाले, रस्ते डांबरी झाले, गिअर आले. १९३३ मध्ये घाटांच्या गुणांची वेगळी स्पर्धा सुरू झाली. १९७५ पासून तिच्या अव्वल स्वाराला लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, त्याच जातीचा हा मान. खोपोली ते खंडाळा चढ पाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे घाटाच्या राजाने बोरघाट लागोपाठ अडीच वेळा चढला, तर एक तूर्माले होईल. आणि माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७७ टक्के असल्याने प्रत्येक श्वासात प्राणवायू जवळपास पावपट कमी असेल, ते वेगळंच.

आधुनिक काळातले विक्रम मी भराभर सांगतो, कारण त्यांत मोठेपणा असला तरी हाल कमी आहेत. स्पेनचा फेदेरिको बाहामोंतेस चार वेळा तूर्मालेवर पहिला पोचला. १९६९ मध्ये एडी मर्क्स पिवळी जर्सी अंगात असताना, काहीही गरज नसताना, तूर्मालेच्या माथ्याजवळ एकटा निसटला आणि सव्वाशे किलोमीटरहून जास्त एकट्याने जाऊन जवळपास आठ मिनिटांनी जिंकला. पॅरिसला त्याची आघाडी होती १७ मिनिटं ५४ सेकंद. पिवळी जर्सी, गुणांच्या स्पर्धेची हिरवी जर्सी आणि घाटाची स्पर्धा, तिन्ही त्याच्याकडे. २०१० मध्ये टूरच्या तूर्माले-शताब्दीला टप्पा माथ्यावरच संपवला. अँडी श्लेक आणि आल्बेर्तो कोन्तादोर धुक्यातून खांद्याला खांदा लावून वर आले, टप्पा श्लेकने घेतला, टूर कोन्तादोरने. पुढे डोपिंगच्या निकालानंतर ती कोन्तादोरकडून काढून श्लेकला दिली. २०१९ ला माथ्यावर तिबो पिनो जिंकला.

आजचे अव्वल स्वार सांत-मारीची बाजू पाऊण तासाच्या आसपास चढतात. ७२ किलो वजन १२६८ मीटर पाऊण तासात उचलायचं तर नुसत्या गुरुत्वाकर्षणापोटी ३३० वॅट लागतात. वारा आणि टायरांचं घर्षण धरलं की चारशेच्या आसपास. घरातला साधा पंखा ७५ वॅट घेतो. म्हणजे एका माणसाच्या दोन पायांवर पाच पंखे पाऊण तास पूर्ण वेगात फिरतील. आपल्यासारखा बरी प्रकृती असलेला माणूस तासभर दीडशे वॅट काढेल. त्याला ही चढण दोन तास लागेल.

आणि लापीझचे कष्ट? ८५ किलो, सव्वाचार हजार मीटर. नुसती उचल साडेतीन हजार किलोज्यूल. स्नायू खाल्ल्या अन्नाचा जेमतेम पाव भाग कामात उतरवतात, तेव्हा फक्त चढापोटी साडेतीन हजार कॅलरी जळाल्या. सपाट अंतर, खडी, वारा आणि १४ तास जिवंत राहण्याचा खर्च वेगळा.

या सगळ्यात बायकांचा हिशेब राहून जातो. मार्थ हेस १९०२ साली या खिंडीवर चढल्या. आजच्या ‘टूर द फ्रान्स फाम’ने आपला टप्पा तूर्मालेच्या माथ्यावर संपवला तो २९ जुलै २०२३ ला, १२१ वर्षांनी. लानमेझाँहून निघालेला जवळपास नव्वद किलोमीटरचा टप्पा, आधी आस्पाँ, मग तूर्माले. नेदरलँड्सची डेमी वोलेरिंग दाट धुक्यात एकटी पुढे निघाली आणि पोलंडच्या काशा निवियादोमाला १ मिनिट ५८ सेकंदांनी मागे टाकून तिने पिवळी जर्सी घेतली.

माझं मत विचाराल तर आजच्या सायकलस्वारांची ताकद १९१० च्या माणसांपेक्षा नक्कीच जास्त आहे. प्रशिक्षण, आहार, वाऱ्याचा बोगदा, सहा किलो आठशे ग्रॅमची सायकल (याहून हलकी चालत नाही, नियम आहे), सगळं त्यांच्या बाजूला आहे. पण पहाटे साडेतीनला अंधारात निघून संध्याकाळी बायोनला पोचण्याची तयारी आज कोणी करणार नाही, कोणी करूही देणार नाही, आणि ते योग्यच आहे. तूर्मालेचं मोठेपण त्याच्या २११५ मीटरांत असतं तर स्टेल्व्हिओने ते कधीच हिरावून घेतलं असतं. ते त्या दिवसाच्या लांबीत आहे.

जायचं असेल तर जून ते ऑक्टोबर ही वेळ. हिवाळाभर रस्ता बर्फामुळे बंद असतो. लूर्द हे जवळचं रेल्वे स्टेशन, तिथून ल्यूझ किंवा सांत-मारी गाठता येतं. मागे ३४ दातांचं चक्र असलेली सायकल घ्या, शेवटच्या तीन-चार किलोमीटरसाठी ताकद राखून चढा, आणि उतरण्याआधी ब्रेक तपासून घ्या. चिमटाही.